लहान घास

एक काम कर. पाठीवरचं दप्तर उतरव आणि मांडीवर घे. आता डोळे मिट. समज, तू एका गाडीच्या मागच्या सीटवर आहेस. खिडकीची काच अर्धी खाली आहे, उजव्या हाताला समुद्र आहे, आणि तो समुद्र तुला आज बघवत नाही. पुढे आई बसली आहे, बाबा गाडी चालवतो आहे. मांडीवरच्या दप्तरात पाण्याची बाटली आहे, एक स्वेटर आहे, आणि स्वेटरच्या घडीत बाबाचा पासपोर्ट आहे. तो तू घेतला आहेस हे कुणाला ठाऊक नाही. उद्या संध्याकाळी बाबाचं विमान आहे, आणि आज सकाळपासून घरातले सगळे खण दोनदा उपसून झाले आहेत. त्या दप्तराचं वजन मांडीवर जाणवू दे. घाई नको. जाणवलं? मग डोळे उघड आणि ऊठ तिथून, कारण ती जागा तुझी नाही, गिन्वाची आहे. गिन्वा दहा वर्षांची आहे, आणि तिनं ठरवलं आहे की तो पासपोर्ट आज वर्दे आत्याच्या भट्टीत जाणार.

ठरलं ते लिफ्टमध्ये. बैरूतमध्ये त्यांच्या इमारतीत सरकारी वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत लिफ्ट जिथे असेल तिथे थांबते. त्याचं कुणाला काही वाटत नाही. माणसं अंधारात उभी राहतात, पिशव्या खाली ठेवतात, आणि गप्पा मारतात. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये बाबा होता, पाचव्या मजल्यावरच्या मादाम ओडेट होत्या, त्यांच्या काखेत त्यांचा म्हातारा कुत्रा होता, आणि बाबाच्या पाठीमागे, पाण्याच्या कॅनच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत गिन्वा होती. दिवा गेला. कुत्रा धापा टाकत राहिला. मग मादाम ओडेट म्हणाल्या, "मग रामिज़, तिकडे आफ्रिकेत, आबिजानला किती दिवस?" बाबा म्हणाला, "दिवस कसले, मादाम. करार पाच वर्षांचा आहे. पुढचं पुढे." "अरे देवा. आणि पोरगी?" बाबाचा आवाज जरा खाली आला. "तिला सांगितलंय, पुढच्या वर्षी सफरचंदं लाल झाली की येतो. लहान आहे. तोवर सवय होईल." अंधारात मोठी माणसं लहानांना विसरतात. दिवे असताना ती त्यांना पाहून बोलतात, अंधारात खरं बोलतात. गिन्वाला तेव्हा रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला फक्त कुत्र्याच्या तोंडाचा वास आला, ओल्या गालिच्यासारखा, आणि तिला वाटलं की आता हा वास आपल्याला कायम येत राहणार. मग जनरेटर खोकला, दिवा आला. समोरच्या आरशात बाबाचे डोळे होते, आणि आरशातच त्यांना तिचे डोळे भेटले. क्षणभर. मग बाबा मान वर करून मजल्यांचे आकडे बघायला लागला, जणू ते आकडे त्यानं आजच पाहिले होते.

पुढच्या सफरचंदांपर्यंत, असं तो खरोखर म्हणाला होता. बाल्कनीत बसून त्यानं एक सफरचंद शर्टला पुसलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बघ बाबा, हे संपेल. मग झाड झोपेल, उठेल, फुलेल, आणि पुन्हा असं लाल होईल. लाल झालं की मी दारात." आमच्याकडे बाप लेकराला लाडानं 'बाबा'च म्हणतो. देणारा आपलंच नाव देऊन टाकतो, आणि घेणाऱ्याला ते अंगावर मोठं होतं, बापाचा कोट घातल्यासारखं. गिन्वाला ते ऐकून बरं वाटलं होतं. झोप, जाग, फुलं, लाल. एवढं तर बोटांवर मावत होतं. तिनं ते सफरचंद खाल्लं, बिया जपून ठेवल्या, आणि आता लिफ्टमधून घरात येताना तिला त्या बियांची लाज वाटली. पाच वेळा लाल. तोपर्यंत मादाम ओडेटचा कुत्रा मेलेला असेल. ती स्वतः पंधरा वर्षांची असेल, आणि पंधरा वर्षांच्या मुली बापाला बघून धावत नाहीत. तिनं पाहिलं होतं, त्या फक्त मोबाइलमधून मान वर करतात. हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं. तो येणार नाही यापेक्षा, तो येईल तेव्हा धावणारी कुणी नसेल.

म्हणून तिनं पासपोर्ट घेतला. आईच्या कपाटातला मधला खण, रुमालांच्या खाली. गडद निळा, वर सोनेरी देवदार. आई फोनवर मावशीला सांगत होती ते तिनं ऐकलं होतं, की आता पासपोर्ट हरवला तर नवा हातात पडायला कितीतरी महिने जातील आणि तिकडची नोकरी काही एवढे दिवस वाट बघत बसणार नाही. आई ते काळजीनं म्हणाली होती. गिन्वानं ते कृती शिकावी तसं ऐकून घेतलं.

"मी माझ्या हातानं ठेवला होता," आई आता पुढच्या सीटवर म्हणाली. सकाळपासून हे ती खूप वेळा म्हणाली होती. "रुमालांखाली."

"हनान, घरातली वस्तू घरातच असते," बाबा म्हणाला. "संध्याकाळी येऊन बघू."

"संध्याकाळी. उद्या विमान आहे, आणि तुला सफरचंदं सुचतायत."

"दर वर्षी जातो."

"दर वर्षी पासपोर्ट हरवत नाही."

"सफरचंदांना त्याचं काय. ती पिकली की पिकली." तो हसला, पण एकट्यानंच. मागं बघायचा छोटा आरसा त्यानं जरा हलवला. गिन्वानं बघितलं नाही. तिला आरशात बघायचं नव्हतं. ती दप्तराच्या पट्ट्याची कड अंगठ्यानं खालून वर, वरून खाली घासत राहिली, आणि मनात एकच वाक्य म्हणत राहिली: मागे घ्यायचा नाही, हात मागे घ्यायचा नाही.

ते वाक्य मागच्या वर्षीचं होतं आणि वर्दे आत्याचं होतं. वर्दे ही बाबाची आत्या, पण सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. तिच्या सफरचंदांच्या बागेशेजारी पत्र्याच्या छपराखाली तिची मातीची भट्टी आहे, जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणासारखी. खाली निखारे, आणि आतल्या तापलेल्या भिंतीवर रोटी थापायची. हातानं नाही, गोल उशीवर. उशीवर पीठ पसरायचं, उशी हातात घालायची, हात भट्टीत खांद्यापर्यंत घालायचा आणि भिंतीवर थप्प. मागच्या ऑक्टोबरात आत्यानं गिन्वाला एक रोटी थापायला दिली होती. गिन्वाचा हात अर्ध्यापर्यंत गेला, आच कोपराला लागली, आणि तो आपोआप मागे आला. रोटी उशीवरून घसरून निखाऱ्यात पडली. क्षणात ती काळी झाली, तिच्यावर फोड आले, कुणाच्या तरी पाठीसारखे. आत्या ओरडली नाही. तिनं चिमट्यानं ती बाहेर काढली, फुंकर मारली, तिचं चुंबन घेतलं, कपाळाला लावली, आणि दगडी कठड्यावर पाखरांसाठी ठेवली. मग म्हणाली, "आच सगळ्यांनाच लागते. पण अर्ध्यावरून हात मागे घेतलास की रोटी पडते. घालायचा तर पुरता घाल, नाहीतर घालूच नको." त्या रात्री गिन्वाला स्वप्नात तो काळा गोल दिसला होता. आज ती तोच हात पुरता घालणार होती. उशीशिवाय.

दामूरला गाडी समुद्र सोडून डावीकडे वळली आणि चढायला लागली. कान बंद झाले. ही गोष्ट तिला नेहमी आवडायची, कान बंद होणं आणि गिळल्यावर उघडणं, जणू डोंगर आधी दार लावतो आणि मग ओळख पटल्यावर उघडतो. आज ती मुद्दाम गिळत नव्हती. आईबाबांचे आवाज लांबून, पाण्याखालून येत होते. चौकीवर एका सैनिकानं हात वर केला, गाडीत वाकून बघितलं, मागच्या सीटवरच्या मुलीकडे, तिच्या मांडीवरच्या दप्तराकडे. गिन्वानं दप्तरावर दोन्ही हात ठेवले. "सफरचंदांना?" सैनिकानं विचारलं. "सफरचंदांना," बाबा म्हणाला. "मग येताना एक इकडे टाका." गाडी सुटली, आणि गिन्वाला कळलं की तिनं गिळलं आहे, कारण एकदम सगळं ऐकू आलं: इंजिन, आईच्या बांगड्या, बाबाचं बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरणं. हा ठेका पाच वर्षं ऐकू येणार नव्हता. नाही, येणार होता. भट्टी होती ना.

रस्त्यात ते नेहमीच्या रोटीवाल्या बाईकडे थांबले. रस्त्याच्या कडेला तीन-चार गाड्या उभ्या, शहरातली माणसं उन्हाचे चष्मे लावून उभी, आणि तव्यावर झातर, म्हणजे तीळ घातलेला रानपाल्याचा मसाला, लावलेल्या रोट्या. बाबा नेहमीसारखं म्हणाला, "झातर जपून लाव ग ताई, मागच्या वेळी घरी जाईपर्यंत दातांत होती." ती बाई म्हणाली, "मग फुकट डबाच नेलास की, आणि वर तक्रार?" आई सुद्धा हसली. तिघांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून खाल्लं. गरम तेल गिन्वाच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि आईनं ते स्वतःच्याही नकळत पुसलं, तसंच, बोलता बोलता, जसं आई स्वतःचंच मनगट पुसते. गिन्वाला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. दप्तर उघडावं आणि सांगावं. पण सांगितलं तर पासपोर्ट आईच्या पर्समध्ये जाईल, आणि सगळे तिच्यावर प्रेम करतील, समजूत घालतील, आणि उद्या विमान उडेल. प्रेमानं काही थांबत नाही हे तिला लिफ्टमध्ये कळलं होतं. तिनं शेवटचा घास तोंडात घातला आणि दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरलं.

बाग ऐन सनौबरच्या वरच्या अंगाला आहे. दगडी बांधांच्या पायऱ्या, आणि पायरीपायरीवर झाडं. ऑक्टोबरात तिथे हवा अशी असते की ती दातांना लागते. बाबा गाडीतून उतरल्याबरोबर वेगळाच झाला. दर वर्षी होतो. बाह्या सरसावल्या, शिडी खांद्यावर घेतली, आणि आईलाही त्यानं क्रेट उचलायला लावलं. गिन्वा खालच्या पायरीवरच्या तिच्या ओळखीच्या झाडापाशी गेली. त्या झाडाची एक फांदी तिच्या उंचीला होती, आणि त्या फांदीवर यंदा एकही फळ नव्हतं. बाकी सगळं झाड लगडलेलं, आणि ती एक फांदी नुसती पानांची, रिकाम्या खुर्चीसारखी. तिला आठवलं. मागच्या वर्षी बाबा शिडीवरून म्हणत होता, "ओढायचं नाही, बाबा. तळहातात घे, वर उचल, त्याचा तळ आभाळाकडे कर. सुटायचं असेल तर आपोआप सुटतं. ओढलंस तर पुढच्या वर्षीचा डोळा तुटून हातात येतो." तिनं ऐकलं होतं, पण ती पैज लावल्यासारखी भराभर ओढत सुटली होती, कारण तिला क्रेट आधी भरायचं होतं. कुणी रागावलं नव्हतं. झाडानं ते लक्षात ठेवलं होतं, बस्स. तिनं फांदीवरचे ते वाळलेले व्रण बोटानं चाचपले. मग तिला एकाएकी राग आला, झाडाचाच, एवढं लक्षात ठेवण्याचा. तिनं शेजारच्या फांदीवरचं एक सफरचंद धरलं आणि सगळ्या ताकदीनं खाली ओढलं. फांदी वाकली, झटका बसून परत गेली, पानं सळसळली, आणि तिच्या हातात फळ आलं, देठ आलं, आणि देठाच्या बुंध्याशी एक छोटासा, राखाडी लव असलेला कोंब आला. मांजराच्या पिलाच्या कानासारखा मऊ. तो पुढच्या वर्षीचा होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो परत लावता येत नाही हे तिला माहीत होतं, तरी तिनं तो फांदीला टेकवून बघितला. मग खिशात घातला. वर शिडीवर बाबा गुणगुणत होता. त्याची फळं टोपलीत आवाज न करता पडत होती.

"गिन्वा," त्यानं हाक मारली. "आत्याकडे जाऊन बस, थंडी वाजेल. आम्ही येतोच."

त्यानंच जायला सांगितलं. तिनं दप्तर घट्ट केलं आणि पायऱ्या उतरून छपराकडे गेली.

छपराबाहेर रांग होती. सगळी बैरूतची माणसं, आणि एक गृहस्थ घड्याळ बघत होते. "भांडू नका, भांडू नका," आतून वर्दे आत्या म्हणत होती, "रोटी म्हणजे काही तुमची वीज नाही, येते ती." तिचं तोंड आचेनं लाल झालं होतं, डोक्याचा पांढरा रुमाल धुरानं पिवळा. भट्टीत छाटलेल्या सफरचंदाच्या फांद्या जळत होत्या, आणि त्यांचा धूर गोड होता, जाम करपल्यासारखा. गिन्वाला पाहून आत्यानं पिठाचा हात तिच्या गालाला लावला. "आलीस? बस त्या पोत्यावर. बाप कुठाय? झाडावर? लहानपणी या उशीवर झोपायचा तुझा बाप. म्हणून त्याचं डोकं मागून चपटं आहे. दप्तर तेवढं लांब ठेव, ठिणगी उडते."

"नको," गिन्वा म्हणाली. "राहू दे मांडीवर."

"राहू दे. सोन्याचं असेल." आत्यानं थप्प करून रोटी लावली. तिचा हात खांद्यापर्यंत आत जायचा आणि बाहेर यायचा, घाई न करता, जणू आत कुणाचं तरी डोकं थोपटून येतो आहे.

भट्टीमागच्या भिंतीवर, धुरानं काळ्या झालेल्या दगडात, दोन खिळे होते. ते गिन्वानं दर वर्षी पाहिले होते, पण बघितले नव्हते. एक रिकामा. दुसऱ्यावर मलमलीच्या फडक्यात काहीतरी चपटं टांगलेलं, फडकं धुरानं चामड्यासारखं झालेलं. "ते काय?" तिनं विचारलं. खरं तर तिला आत्याला बोलतं ठेवायचं होतं, आत्या रांगेकडे वळेल त्या क्षणाची वाट बघत.

"रोटी आहे. नायफची. माझा धाकटा भाऊ." थप्प. "परदेशी जाणाऱ्याला निघताना ताज्या रोटीचा एक घास घ्यायला लावायचा. उरलेली भिंतीवर. आला की त्यानंच खाऊन संपवायची. हा रिकामा खिळा तुझ्या आजोबांचा. तेही आबिजानलाच होते. परत आले ना, तेव्हा आईनं उतरवून हातात दिली. दगड झाली होती. आजोबा म्हणाले, चहात बुडवून खातो. आई म्हणाली, चहात काही नाही, अशीच खा, आम्ही अशीच बघत होतो तिच्याकडे. खाल्ली. दाढ तुटली. मरेपर्यंत त्या दाढेच्या जागी जीभ लावून हसायचे."

"आणि नायफ? मेले?"

"मेला कशाला. तिकडे दुकानं आहेत त्याची, नातवंडं आहेत. दर सणाला फोन करतो, रडतो." आत्यानं चिमट्यानं रोटी सोडवली आणि टोपलीत टाकली. "आला नाही, एवढंच. भुकेला पोर. निघताना घास घे म्हटलं तर निम्मी रोटी खाल्ली त्यानं. मी तेव्हाच आईला म्हटलं, याच्यासाठी मागे फारसं उरलं नाही."

गिन्वा त्या फडक्याकडे बघत राहिली. आत निम्मी रोटी होती, आणि निम्म्या रोटीच्या कडेवर एका मुलाच्या दातांचे ठसे असतील, तो मुलगा कधीच म्हातारा झालेला. म्हणजे असंही होतं. माणूस मरत नाही, रागावत नाही, फोनवर रडतो, आणि येत नाही. तिचा निश्चय अजून घट्ट झाला. पाच वर्षं म्हणजे अशीच. पुढचं पुढे, असं तो म्हणालाच होता. "मग त्यांना कुणी थांबवलं का नाही?" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली, एवढा तो मोठा होता. "पकडून ठेवायचं ना."

आत्या हसली. उशीवर नवा गोळा पसरताना तिचा हात जरासा थांबला. "पकडून मला ठेवली ना. मी तुझ्या ताईएवढी... नाही, तुला ताई नाही. सतरा वर्षांची होते. शहरात शिक्षिकांची शाळा होती, तिथे जागा मिळाली होती मला. सकाळी बस. आणि बूट सापडेनात. एकच जोड होता. सगळं घर शोधलं. अनवाणी बसमध्ये कोण चढतं? बस गेली." थप्प. "बूट पुढच्या हिवाळ्यात सापडले, सफरचंदांच्या पेंढ्याखाली. बापानंच ठेवले होते. तोवर पायांत जात नव्हते."

"मग तू त्यांना काय म्हणालीस?"

"काही नाही. तेच तर. पाणी दिलं, रोटी दिली, शेवटच्या दुखण्यात पाय चेपले. बोलले मात्र नाही. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, माझी पोरगी घरात आहे." आत्यानं कपाळाचा घाम दंडाला पुसला. "मी घरात नव्हतेच. मी त्या बसमध्ये होते. नायफ निदान फोन तरी करतो." बाहेरून ते घड्याळवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, आमच्या सहा झाल्या का?" आणि आत्या टोपली उचलून बाहेर गेली. "झाल्या, झाल्या. तुमचं लग्न उरकायचंय का आज?"

हाच तो क्षण होता. गिन्वा उठली. दप्तराची चेन तिनं आधीच उघडली होती. स्वेटरच्या घडीतून पासपोर्ट निघाला तेव्हा तो कोमट होता, तिच्याच मांडीनं. ती भट्टीच्या तोंडाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. खाली निखारे श्वास घेत होते. तिनं हात आत घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. आच आली, आणि या वेळी हात मागे आला नाही. तिला स्वतःचं नवल वाटलं. एवढंच होतं तर. पासपोर्टचा कोपरा तिच्या दोन बोटांत होता, आणि तो आचेच्या वाऱ्यानं आपोआप उघडला, आणि आत बाबा होता. हसत नसलेला, कान पुढे आलेले, कुणीतरी 'हलू नका' म्हटल्यासारखा ताठ. पाठीमागची पानं कोरी होती, फडफडत होती. तिच्या डोळ्यांसमोर बाबा घरात आला, उद्या, परवा, पुढच्या वर्षी. सोफ्यावर बसला, तिनं दिलेलं पाणी प्यायला, थँक यू म्हणाला. बोटांनी ठेका धरला नाही. त्याचे कान तेच होते. तो बसमध्ये होता. आणि ती धावत जाऊन त्याला बिलगत होती, आणि तो मोबाइलमधून मान वर करत होता. हातावरची लव करपल्याचा वास आला. खिशातला तो राखाडी कोंब मांडीला टोचला, की तिला तसं वाटलं. तिनं हात बाहेर काढला. आता तो घाबरून आला नव्हता. तिनं तो काढला होता. हा फरक तिला आयुष्यात पहिल्यांदा कळला, आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं.

आत्या परत आली तेव्हा गिन्वा पोत्यावर बसली होती, दप्तर पायाशी. आत्यानं तिच्या लाल झालेल्या हाताकडे बघितलं, उघड्या चेनकडे बघितलं. पाण्याचं भांडं पुढे केलं आणि हात त्यात धरायला लावला.

"मला एक रोटी थापू दे," गिन्वा म्हणाली. "जाड. टिकणारी."

"जाड आतून कच्ची राहते."

"मग किती जाड?"

आत्यानं करंगळीकडे बघितलं, मग गिन्वाची करंगळी हातात घेऊन तिचं पेर दाखवलं. "एवढी. आणि हात पुरता."

"माहितीये."

पहिल्याच वेळी लागली. गिन्वा भट्टीत डोकावून बघत राहिली. रोटीला बारीक फोड आले, कडा तांबूस झाल्या, आणि आत्यानं चिमटा तिच्याच हातात दिला. ती रोटी घेऊन छपराबाहेर आली तेव्हा आईबाबा क्रेट घेऊन पायऱ्या उतरत होते. बाबाच्या केसांत पान अडकलं होतं. तिनं वाटेतच त्याला गाठलं.

"पाच वर्षं," ती म्हणाली.

बाबानं क्रेट खाली ठेवलं. आईनं त्याच्याकडे बघितलं, मग गिन्वाकडे.

"लिफ्टमध्ये मी होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दिवा आला तेव्हा बघितलं तुला."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं केसांतलं पान काढायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही. "भीती वाटली, बाबा. मला वाटलं, तू ऐकलं नसशील असं मी समजून चाललो, तर तसंच होईल." मग पान तसंच सोडून, "मधे येणार मी. दर वर्षी नाही जमणार. खोटं नाही सांगत आता. पण येणार."

गिन्वानं रोटी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती ओळखली. तिनं पाहिलं, त्याची नजर तिच्या खांद्यावरून छपरात गेली, भिंतीवर, त्या दोन खिळ्यांपर्यंत, आणि परत आली. त्याचा चेहरा पासपोर्टमधल्यासारखा ताठ झाला. मग तो वाकला आणि त्यानं तोंड उघडलं.

"लहान घास घे," ती म्हणाली.

त्यानं तोंड जरा मिटलं.

"अजून लहान."

त्यानं कडेचा एवढासा तुकडा तोडला, उंदरानं कुरतडावा तेवढा, आणि तो बराच वेळ चावत राहिला. आईनं तोंड दुसरीकडे वळवलं. गिन्वानं रोटी उजेडात धरून दातांचे ठसे बघितले. चार होते, एक वाकडा. जवळजवळ अख्खी उरली होती. तिनं रोटी आईच्या हातात दिली, दप्तरातून पासपोर्ट काढला, त्याच्यावरची राख बाहीनं पुसली, आणि बाबाच्या शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं. आईच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता. बाबाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यानं फक्त खिशावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

गिन्वानं त्याच्या पायाशी ठेवलेलं क्रेट ओणवं केलं. सफरचंदं गवतात घरंगळली. आईच्या हातातली रोटी परत घेऊन तिनं ते रिकामं क्रेट छपरात ओढत नेलं, आजोबांच्या खिळ्याखाली पालथं घातलं, आणि वर चढली. उंची पुरेना. ती टाचा उंचावून, एक हात धुरकट दगडाला टेकवून उभी राहिली आणि मागे न बघता म्हणाली, "आत्या, फडकं दे."